चोळायचं की कूस बदलायची?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ चोळून द्यावी, हे कुणालाही पटेल. परिचारिकांनाही कित्येक दशकं पटत होतं. माकडहाड, टाचा, खुबे, म्हणजे जिथे हाड कातडीला अगदी खेटून असतं, तिथे कुणी स्पिरिट चोळायचं, कुणी साबण, कुणी चक्क अंड्याचा पांढरा भाग. बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून. आणि झालेच तर बोल परिचारिकेलाच. बेडसोर हा बहुधा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष असतो, असं फ्लोरेन्स नाइटिंगेल लिहूनच गेल्या होत्या.

चोळण्याचा उपयोग होतो का, हे मोजून पाहणाऱ्यांत डोरीन नॉर्टन ही ब्रिटिश परिचारिका आघाडीवर होती. तिने आणि सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास 1962 साली प्रसिद्ध झाला. जखमा टळत होत्या त्या लेपांनी नव्हे, तर ठरावीक वेळाने कूस बदलून. उलट, नाजूक झालेली कातडी जोराने चोळली तर आतल्या पेशींना इजाच होऊ शकते, म्हणून आज ते टाळायलाच सांगतात. धोका कुणाला जास्त, हे ओळखायला नॉर्टनने पाच बाबींना गुण दिले: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, जागच्या जागी हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण, म्हणजे सावध.

पण हेच पाच का? इथे सिद्धान्त लागतो. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिका-संशोधकांनी 1987 साली हा धोका मोजायची आपली मोजपट्टी मांडली, तिच्या मुळाशी साधा विचार होता: कातडीवर दाब किती आणि किती वेळ पडतो, आणि तो सोसण्याची तिची ताकद किती. दाबाने केशवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही, पेशी मरतात. ओल, घर्षण, अपुरं अन्न ही ताकद घटवतात. हे एकदा कळलं की जेवणाच्या ताटात उरलेला घासही परिचारिकेच्या नजरेत येतो. एरवी त्याचा पाठीशी काय संबंध!

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियमही तपासणीतून सुटला नाही. बर्गस्ट्रॉम यांच्याच पुढाकाराने शुश्रूषागृहांतल्या ज्येष्ठांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन, तीन आणि चार तासांची तुलना केली. चांगल्या प्रतीची फोमची गादी असेल, तर जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. रात्रीतून वारंवार उठवल्या जाणाऱ्या आजोबांना ही बातमी कुणीतरी आधीच सांगायला हवी होती!

खाटेशी मात्र कसोटी बोटाचीच. टाचेवरचा लालसर डाग दाबायचा आणि बोट उचलायचं. क्षणभर पांढरा पडला, तर रक्त अजून फिरतंय. लालच राहिला, तर बेडसोरची सुरुवात. यातही एक खोट आहे: सावळ्या, काळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही कित्येकदा. मग तळहाताची उलटी बाजू लावून पाहायचं, शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम आहे का, टणक लागते की लिबलिबीत. आणि विचारायचं, इथे दुखतंय का?