गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमची शेड: आधी स्पॅनचा हिशेब, मग परवान्याची फाइल

मे महिना लागला की गोव्यात गच्च्यांवर फॅब्रिकेटरची टेप फिरू लागते. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून हल्ली अ‍ॅल्युमिनियमची मागणी वाढली आहे. "चार मीटरला शंभरचा पाइप पुरे, बाब," असं तो सांगतो आणि आपण मान डोलावतो. पुढे इंजिनियर सही करायला कां कूं करतो, कारण त्या चार मीटरच्या स्पॅनमागे, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतरामागे, हिशेब काय, हे कुणीच मांडलेलं नसतं.

हिशेब भारापासून सुरू होतो. भार आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे धरायचे आणि अ‍ॅल्युमिनियमची ताकद आयएस ८१४७ प्रमाणे तपासायची. जिथे नेहमीची ये-जा नाही अशा छपरावर दर चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन वरचा (माणसं-सामानाचा) भार धरतात. उतार १० अंशांपेक्षा जास्त असला तर तो थोडा कमी होतो. पण उघड्या शेडला खरा त्रास वाऱ्याचा. पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे ९३ किलोंच्या आसपास दाब येतो. उंची, परिसर आणि छपराचा आकार यांचे गुणक नंतर लागतात. चारही बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये वारा आत शिरून छप्पर वर उचलतो. म्हणून पत्र्याइतकंच लक्ष खांबाच्या तळच्या बोल्टांकडे हवं.

आता तो शंभरचा पाइप घेऊ. १०० बाय ५० मिमी, जाडी ३ मिमी, दोन टोकांना टेकलेला, पाइपांमधलं अंतर १ मीटर आणि निव्वळ भार चौरस मीटरला १ किलोन्यूटन धरला. ३ मीटरच्या स्पॅनला मधोमध झोळ येतो सुमारे १३ मिमी. ४ मीटरला तोच ४२ मिमीवर जातो, कारण झोळ स्पॅनच्या चौथ्या घाताने वाढतो. मर्यादा स्पॅनच्या १८०व्या भागाची ठेवली, तर ४ मीटरला २२ मिमीच चालतो. म्हणजे हा पाइप साधारण ३.२ मीटरपर्यंतच. गंमत अशी की ४ मीटरला ताण ९० मेगापास्कलच्या आतच राहतो, ६०६३-टी६ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला तो फार नाही. पाइप मोडणार नाही, पण झोळ पडून पाणी साचेल. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ तिपटीने लवचीक, त्यामुळे लोखंडाचा आडाखा इथे लावू नये. वेल्डिंग केलं तर सांध्याजवळची ताकद बरीच उतरते. इंजिनियरने आकडेमोडीत ते धरलंय का, हे विचाराच.

फाइल कुठे द्यायची ते जागेवर ठरतं. गावात पंचायतीकडे अर्ज आणि नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, नियोजन व विकास प्राधिकरणाच्या (पीडीए) हद्दीत आधी त्या प्राधिकरणाची परवानगी, मग पालिकेचा परवाना. नियम २०१० सालच्या गोवा भू-विकास व बांधकाम नियमावलीचे. अर्जदार मालक हवा. आपल्याकडच्या नागरी कायद्यात विवाहानंतर बहुधा पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, तेव्हा दोघांच्या सह्या घ्या. एका सहीची फाइल परत येऊ शकते. सहमालक असतील तर त्यांचा ना हरकत दाखला, फ्लॅट असेल तर सोसायटीचा.

सोबत नमुना १ व १४ चा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, सर्व्हे प्लॅन, खरेदीखत, मूळ घराचा परवाना किंवा भोगवटा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक, शेडचे नकाशे आणि नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरचा दायित्व दाखला (मजबुतीची जबाबदारी घेणारा) जोडायचा. दाखल्यामागे स्पॅनची आकडेमोड जोडा, कुणी मागितली नसली तरी. घरपट्टीची पावती जोडतातच, पण तिने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. भरती रेषेपासून ५०० मीटरच्या आत, किंवा खाडीकाठी असाल, तर किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरीही पाहावी लागते, आणि तिथेच वेळ जातो.

नकाशावर पाइपचा आकार, जाडी, मिश्रधातू आणि खांबांमधलं अंतर लिहून घ्या. स्क्रू स्टेनलेसचे, लोखंडाला टेकेल तिथे नायलॉनचा वॉशर, आणि ओल्या सिमेंटला अ‍ॅल्युमिनियम उघडं लागू देऊ नका. हे फॅब्रिकेटरच्या कोटेशनवरही उतरवा, नाहीतर जागेवर २ मिमीचा पाइप येतो आणि ३ मिमीचा हिशेब फाइलीतच राहतो.