शर्मन पेटायचा तो पेट्रोलमुळे नव्हे

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी शर्मन रणगाड्याबद्दल म्हणतात, "शर्मनमध्ये पेट्रोल, म्हणून तो काडेपेटीसारखा पेटायचा, जर्मन रणगाडे डिझेलवर, म्हणून सुरक्षित." ऐकायला पटतं, पण चूक आहे. जर्मनांचे पान्झर ३ आणि ४ हे रणगाडे पेट्रोलवरच चालत. उलट ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या वाळवंटात ब्रिटिशांनी उतरवलेल्या शर्मनपैकी काहींना चक्क डिझेल इंजिन होतं!

आग लागायची ती मुख्यतः तोफगोळ्यांमुळे. ७५ मिमीचे गोळे बाजूच्या चिलखताला लागून उंचावर रचलेले असत. चिलखत फोडून आलेला एखादा लालबुंद तुकडा पितळी नळकांड्यातल्या दारूपर्यंत पोचला की संपलंच. त्यात ऐन लढाईत गोळे कमी पडू नयेत म्हणून जवान जादाचे गोळे मिळेल त्या फटीत कोंबत. (त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं.) आत पाच जण. सुरुवातीच्या शर्मनमध्ये गोळे भरणाऱ्याला स्वतःचं झाकणसुद्धा नव्हतं. बाहेर पडायचं ते कमांडरच्या झाकणातून, कमांडर आणि तोफ डागणारा या दोघांच्या मागून.

१९४४ पासून गोळे तळाशी, पाण्याने वेढलेल्या कप्प्यांत ठेवू लागले आणि पेटण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं. पेट्रोल मात्र बहुतेक शर्मनमध्ये तेच राहिलं.