नाट्यतंत्र व प्रेक्षकाचे आकलन

कादंबरीकाराला मध्येच थांबून वाचकाला चार गोष्टी समजावून सांगता येतात. नाटककाराला ती सोय नसते. पात्रे बोलतात, वावरतात, गप्प राहतात. त्यातून प्रेक्षकाने काय ओळखायचे आणि केव्हा, हे त्याला आडून ठरवावे लागते. यासाठी तो ज्या युक्त्या योजतो त्यांना नाट्यतंत्र म्हणतात. स्वगत, जनान्तिक (इतर पात्रांना ऐकू जाऊ नये असे दोघांतले बोलणे), सूत्रधार, वृंद (कोरस), नाटकातले नाटक, पडद्यामागून येणारा आवाज अशी यादी लांबवता येईल. पण यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच व्यवहार असतो, तो म्हणजे माहितीची वाटणी. जे प्रेक्षकाला कळले ते पात्राला कळलेले नाही, किंवा एका पात्राला ठाऊक आहे पण दुसऱ्याला नाही, किंवा पात्र सारे जाणते आणि प्रेक्षकच अंधारात आहे. वाटणी बदलली की तोच प्रसंग कधी हसवतो, कधी जीव टांगणीला लावतो.

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त ही वाटणी अगदी उघड दिसते. महाभारतातल्या मूळ कथेत दुर्वास ऋषीचा, प्रियकर शकुंतलेला विसरेल असा, शाप नाही. तिथल्या दुष्यंताला शकुंतला आठवत असते आणि तरीही तो तिला भरसभेत नाकारतो. कालिदासाने शाप आणला आणि तो चौथ्या अंकात पडद्यामागून ऐकवला. फुले वेचणाऱ्या तिच्या सख्या अनसूया व प्रियंवदा तो ऐकतात. दुष्यंताच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेला त्याचा पत्ताही नसतो. प्रियंवदा धावत जाऊन ऋषीची विनवणी करते आणि ओळखीचा अलंकार दिसताच शाप सरेल, एवढा उतारा पदरात पाडून घेते. शकुंतलेला हे सांगायचे नाही असे दोघी ठरवतात. नवमालिकेच्या वेलीला कढत पाणी कोण घालील, असे त्यावर प्रियंवदा म्हणते. पुढे निरोपाच्या वेळी, राजाला ओळख पटायला वेळ लागला तर ही अंगठी दाखव, एवढेच त्या तिला बजावतात, आणि तेवढ्यानेही ती थरकते.

पाचव्या अंकात राजा तिला ओळखत नाही तेव्हा त्याचे कारण दरबारात कोणालाच माहीत नसते, खुद्द राजालाही नाही. ते फक्त समोर बसलेल्या प्रेक्षकांना माहीत असते. शकुंतला बोटाकडे पाहते आणि बोट रिकामे असते. तिच्या लेखी एक पुरावा गेला. प्रेक्षकाच्या लेखी उतारा गेला. मूळ कथेत राजाचा संताप यावा अशा ठिकाणी इथे त्याचीही कीव येते. शापाआड दुष्यंताला निर्दोष सोडले, ही कालिदासावरची तक्रार रास्त आहे. पण तंत्राची ताकदही तीतच दिसते, कारण एक बातमी वेळेवर दिल्याने प्रेक्षकाचा न्यायनिवाडाच पालटतो.

एका वाक्यातून बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ निघू लागला, तर त्याला संस्कृत नाट्यशास्त्रात पताकास्थानक म्हणतात. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपली आहे. हिचे सारेच प्रिय आहे, असह्य असेल तो फक्त विरह, असे राम म्हणतो. त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे द्वारपालिका, आत येऊन म्हणते, ‘देव, उपस्थितः’, म्हणजे ‘महाराज, आला आहे’. तिला म्हणायचे असते की दुर्मुख नावाचा हेर आला आहे. प्रेक्षकाच्या कानात मात्र ते वाक्य विरहाला जाऊन चिकटते. दुर्मुखाने सीतेविषयीचा लोकापवाद आणलेला असल्यामुळे वाक्य दोन्ही अर्थांनी खरे ठरते. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्ये हेच काम नुसत्या प्रवेशाच्या वेळेने साधले आहे. चेहऱ्यावरून मन वाचण्याची विद्या नाही, एका फितूर सरदारावर मी पुरता विश्वास टाकला होता, असे राजा डंकन म्हणतो आणि तेवढ्यात पुढे त्याचा खून करणारा मॅक्बेथ आत येतो.

कथा आधीच सर्वांना ठाऊक असेल तर वाटणीचे हे काम परंपरेनेच केलेले असते. नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या राजाच्या, सोफोक्लीझच्या ‘ईडिपस’चा शेवट ग्रीक प्रेक्षकांना माहीत होता, राहिली होती ती फक्त ईडिपसला कळण्याची घटका. दिलासा द्यायला आलेल्या दूताच्या बोलण्यातूनच घात होतो, हे ॲरिस्टॉटलने स्थितिविपर्ययाचे, म्हणजे परिस्थिती एकाएकी उलटण्याचे, उदाहरण म्हणून दिले आहे.

प्रेक्षकाला ऐकवायचे पण पात्रांना नाही, ही युक्ती विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मध्ये वेगळ्याच रीतीने वापरली. खेळ म्हणून सुरू झालेल्या खोट्या खटल्यात आरोपी ठरवलेल्या बेणारेला शेवटी बोलण्याची मुभा मिळते. भोवतालची माणसे गोठल्यासारखी होतात, तिचे दीर्घ स्वगत होते, आणि ते संपल्यावर आरोपीला काही सांगायचे नाही अशी नोंद न्यायाधीश करतो. ऐकले ते फक्त प्रेक्षकांनी. साक्षीदार केलेल्या प्रेक्षकाला साक्ष द्यायची सोय मात्र नाही, म्हणून हा शेवट टोचत राहतो.

जर्मन नाटककार ब्रेख्तची रीत याच्या उलट होती. प्रसंगात काय घडणार हे फलकावर आधीच लिहून तो उत्कंठा काढून टाकी. पुढे काय होणार याऐवजी हे असे का होते, याचा प्रेक्षकाने विचार करावा, असा त्याचा हेतू होता. तंत्र दरवेळी लेखकाचे ऐकतेच असे नाही, हेही त्याच्याच नाटकात दिसते. युद्धावर पोट भरणाऱ्या आणि त्यातच मुले गमावणाऱ्या बाईचे ‘मदर करेज’ हे नाटक 1941 साली झुरिकला झाले, तेव्हा लोकांना तिच्यात दुःखी आईच दिसली. 1949 च्या बर्लिनमधील प्रयोगासाठी ब्रेख्तने संहिता कडक केली. पूर्वी जखमींच्या पट्ट्यांसाठी सदरे स्वतः फाडून देणारी करेज आता ते द्यायला नकार देऊ लागली. तरीही कणव ओसरली नाही. मुलाला मारणाऱ्या गोळ्यांचा आवाज येतो तेव्हा भूमिका करणाऱ्या हेलेन वायगेलने तोंड पूर्ण उघडले, पण त्यातून आवाज काढला नाही. प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते हे तोंड. फलकांवरचा मजकूर मागे पडला.