साताऱ्याचे पंतप्रधान आणि लंडनचा प्राइम मिनिस्टर

साताऱ्यात इतिहासाचा विषय निघाला की 'पेशवे म्हणजे त्या वेळचे पंतप्रधानच' हे वाक्य हमखास येतं. शब्द एकच, त्यात काळही जुळतो. १७ एप्रिल १७२० रोजी शाहू महाराजांनी कऱ्हाडजवळ मसूरच्या मुक्कामी पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली आणि पुढच्याच एप्रिलात लंडनला रॉबर्ट वॉलपोल खजिन्याचा प्रमुख झाला. राजाच्या हातातला कारभार दोन्हीकडे प्रधानाकडे सरकला. फरक दिसतो तो प्रधानाला घरी कोण पाठवू शकतं, यात.

वॉलपोलला राजाची मर्जी लागेच, पण तेवढ्यावर भागत नसे. कर आणि खर्च कॉमन्स सभेतून, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहातून, मंजूर करून घ्यावे लागत. पहिला जॉर्ज मंत्र्यांच्या बैठकांना येईनासा झाला होता, त्यामुळे सूत्रं वॉलपोलकडे आली. 'प्राइम मिनिस्टर' ही तेव्हा पदवी नव्हती, टोमणा होता. त्याचं खरं पद खजिन्याचं, आणि १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारावर आजही तेच कोरलेलं आहे. १७४२ मध्ये चिपनहॅमच्या निवडणूक तक्रारीवर सभेत एका मताने हार झाली आणि काही दिवसांत, दुसऱ्या जॉर्जची मर्जी शाबूत असतानाही, त्याला पद सोडावं लागलं.

पेशव्यांच्या मागे अशी सभा नव्हती. अष्टप्रधानांना एकत्रित जबाबदारी नव्हती. जो तो थेट छत्रपतींना बांधील. पैशाची वाटणीही आधीच ठरलेली: १७१९ च्या मोगल बादशहाच्या सनदांनंतर चौथाईतले (मोगल मुलखातल्या महसुलाच्या चौथ्या हिश्शातले) २५ टक्के राजबाबती म्हणून छत्रपतींचे, ६ टक्के साहोत्रा पंतसचिवांचा, ३ टक्के नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीने देण्याचा, उरलेला ६६ टक्के मोकासा सरदारांकडे. मंजुरीसाठी दरवर्षी कुणापुढे उभं राहायची गरजच नव्हती.

राहिला अंकुश एकच, छत्रपतींचा. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले, पुढच्या वर्षी कारभार पेशव्यांकडे सोपवणारा सांगोल्याचा करार झाला, तेव्हा तोही सुटला. पद एव्हाना वंशपरंपरेचं झालंच होतं. १७७४ मध्ये सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून वस्त्रं आली, तेव्हा बाळ जेमतेम चाळीस दिवसांचं होतं! पेशव्यांच्या मुद्रेवर मात्र 'नरपती हर्षनिधान' छत्रपतींचं नाव आधी, मुख्य प्रधानाचं नंतर, हा क्रम कायम राहिला.

आपल्या मराठीने शब्द पेशवाईचा घेतला, राज्यघटनेने यंत्रणा लंडनची: कलम ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असतं.