रिलीज (गोल्फ)

गोल्फचा फटका मारताना क्लब (चेंडू मारायची काठी) खाली येत असतो तेव्हा मनगटांतला कोन उलगडतो, कोपराखालचे दोन्ही हात फिरतात आणि उघडा (लक्ष्यापासून बाहेर वळलेला) असलेला क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, चेंडूपाशी सरळ होऊन पुढे मिटत (आत वळत) जातो. या सलग हालचालीला ‘रिलीज’ म्हणतात. मराठीत ‘सोडणे’ म्हणावे तर घोटाळा होतो. क्लब हातातून सुटायचा नसतो, सुटायचा असतो तो मनगटांत राखून ठेवलेला कोन. (पुढचे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे, डावखुऱ्याने बाजू उलट धरावी.)

क्लब ही साधी काठी नव्हे. त्याचे डोके शाफ्टच्या (दांड्याच्या) एका अंगाला असते, त्यामुळे क्लब मागे नेताना फेस उघडतो आणि चेंडूपर्यंत येईतो तो परत फिरावा लागतो. १९६८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्विंगला (क्लब फिरवण्याच्या पूर्ण हालचालीला) दुहेरी लंबकाची उपमा आहे: खांद्याला टांगलेले हात हा पहिला लंबक, मनगटाला टांगलेला क्लब हा दुसरा. डाउनस्विंगच्या (क्लब वरून खाली आणण्याच्या) आरंभी या दोघांत साधारण ९० अंशांचा कोन असतो. हात खाली येऊ लागले की क्लबचे डोके बाहेर फेकले जाते, हातांचा वेग उतरतो आणि डोक्याचा चढतो. डाउनस्विंगला लागतो जेमतेम पाव सेकंद, तर चेंडू फेसला चिकटून असतो सुमारे अर्धा मिलिसेकंद. ‘आता मनगट फिरवू’ हा हुकूम डोक्यातून हातापर्यंत पोहोचायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणून रिलीज करायचा नसतो, होऊ द्यायचा असतो. तो अडवणाऱ्या गोष्टी तेवढ्या काढायच्या.

कोल्हापूर भागातल्या नवशिक्याला याची ओळख गोल्फच्या मैदानाबाहेरच झालेली असते. उसाच्या फडात कोयता चालवणारा गडी पाहावा. डाव्या हाताने ऊस धरलेला, उजवा हात सैल, आणि पाते बुडख्याशी पोहोचता पोहोचता मनगट सुटते. सगळा जोर त्या शेवटच्या वितीत. मर्दानी खेळातली लाठीही अशीच फिरते, आणि मूठ आवळून धरणाऱ्या पोराला वस्ताद आधी हात मोकळा सोडायला लावतो. दांडपट्ट्याचे मात्र उलट आहे. तिथे हात कोपरापर्यंत लोखंडी आवरणात असल्याने मनगट जवळपास जखडलेलेच असते, वार खांद्यातून आणि अंगाच्या फिरकीतून येतो. गोल्फमध्ये पट्टा फिरवल्यासारखा क्लब फिरवणारे बरेच दिसतात. तालमीत घडलेली पकड इथे आडवी येते, आणि टेनिस बॉल क्रिकेटची सवय त्याहून जास्त: सरळ बॅटने फटका खेळताना डावे कोपर पुढे ठेवून बॅटचे तोंड लक्ष्याकडे धरून ठेवायचे असते. तेच गोल्फमध्ये केले की फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. याला ‘स्लाइस’ म्हणतात.

दुसरा दोष घाईचा. गळ टाकल्यासारखा कोन वरच सोडून दिला (याला ‘कास्टिंग’ म्हणतात) तर वेग चेंडूपाशी पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. तिसरा, चेंडू उचलून द्यायच्या नादात डावे मनगट मागे मोडणे, म्हणजे ‘फ्लिप’. चेंडू उचलायचे काम फेसच्या तिरकेपणाचे आहे, हाताचे नव्हे. चैत्र-वैशाखात जमीन टणक झाली की फ्लिप करणाऱ्याचा क्लब मातीवर आपटून उसळतो आणि कड चेंडूच्या पोटावर बसते. हाताला झिणझिण्या आणणारा तो ‘टण्ण’ आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

सराव फार साधा आहे. ७ नंबरचे आयर्न (धातूच्या डोक्याचा मध्यम लांबीचा क्लब) घेऊन कमरेपासून कमरेपर्यंतच अर्धा स्विंग करावा. फटक्यानंतर हात कमरेशी आल्यावर क्लबच्या डोक्याचे पुढचे टोक आभाळाकडे असेल तर फेस फिरला. दोन्ही हातांत चार बोटांचे अंतर ठेवून धरले तर डावा हात कसा उताणा होत जातो ते नीट जाणवते. क्लब उलटा करून, डोक्याजवळ धरून हवेत फिरवावा: ‘सूंऽ’ हा आवाज चेंडूच्या जागेच्या पुढे सर्वांत मोठा यायला हवा, उजव्या खांद्यापाशी आला तर कोन लवकर सुटला. जुन्या कपड्यांनी भरलेले पोते चेंडूच्या जागी ठेवून त्यावर हळू टोला देऊन थांबावे. हात क्लबच्या डोक्यापुढे आणि डावे मनगट सपाट असावे. छाती मात्र वळत राहिली पाहिजे. छाती थांबली की हात एकटे पुढे धावतात आणि पुन्हा फ्लिप होतो. बहुतेक जण मनगटाला दोष देत बसतात, दोष कंबर अडकल्याचा असतो.

रिलीज जास्त झाला तर चेंडू डावीकडे झपकन वळतो, हा ‘हुक’. अमेरिकी खेळाडू बेन होगन यांना कारकिर्दीच्या सुरुवातीला हुकने छळले होते, तो त्यांनी मुख्यतः पकड बदलून आटोक्यात आणला. हाताची पकड उजवीकडे वळलेली असेल तर फेस मिटायला फार फिरवावे लागत नाही. डावीकडे वळलेली असेल तर जास्त. त्यामुळे एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. वाळूच्या बंकरमधून (खड्ड्यातून) चेंडू काढताना, किंवा भोकाभोवतीच्या हिरवळीजवळ उंच मऊ चेंडू टाकताना, फेस मुद्दाम उघडाच राखतात.