एक्स्पोर्टमधील खरखर (घरगुती व्हिडिओ)

घरी चित्रित केलेल्या व्हिडिओचे संपादन करून त्याची अंतिम फाइल काढताना, म्हणजे तो एक्स्पोर्ट करताना, आवाजात शिरणारा दोष. मूळ क्लिप स्वच्छ वाजते, टाइमलाइनवरही (क्लिपा ओळीने मांडण्याच्या पट्टीवरही) सगळे ठीक वाटते आणि तयार फाइल घरच्यांना दाखवायला बसले की मंगलाष्टकांवर कडकड ऐकू येते. सगळ्याच प्रकारांना सरसकट ‘खरखर’ म्हटले जाते. पण ‘आवाज फाटला’, ‘मध्येच टक वाजतं’ आणि ‘सारखी खरखर येते’ ही तीन वेगळी वाक्ये आपण बोलताना वापरतो आणि त्यांमागची कारणेही खरोखर वेगळी असतात. नेमके काय ऐकू येते हे आधी ओळखले, तर निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

आवाज फाटणे : याला क्लिपिंग म्हणतात. डिजिटल ध्वनी म्हणजे तरंगाची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून लिहिलेले आकडे. १६ बिटांच्या ध्वनीत हा आकडा −३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच पट्ट्यात बसतो. समजा, सनईच्या मूळ आवाजाचा एका क्षणीचा आकडा २०,००० आहे आणि मागे टाकलेल्या गाण्याचाही तेवढाच. दोन्ही मिसळल्यावर ४०,००० व्हायला हवेत. पण जागा ३२,७६७ पर्यंतच असल्यामुळे तरंगाचा माथा सपाट कापला जातो. या सपाट माथ्यांतून मूळ आवाजात नसलेले वरच्या पट्टीचे स्वर निर्माण होतात आणि कानाला तेच फाटल्यासारखे लागतात. सारख्या उंचीची दोन शिखरे एकत्र आली की पातळी ६ डेसिबलने वाढते. म्हणून दोन्ही ट्रॅक एकेकटे ऐकताना निर्दोष असूनही त्यांचे मिश्रण फाटू शकते.

हा दोष एक्स्पोर्टपर्यंत लपून कसा राहतो? आजची बरीच संपादन सॉफ्टवेअरे आतल्या आत ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने हिशेब करतात. तिथे मर्यादेपलीकडचा आकडाही शाबूत राहतो. तो कापला जातो शेवटी, १६ किंवा २४ बिटांच्या पूर्णांकांत उतरताना. त्यामुळे एक्स्पोर्टच्या आधी मुख्य पातळी खाली आणली, तर आवाज पूर्ण वाचतो. एक्स्पोर्ट झालेल्या फाइलचा आवाज नंतर कमी केला, तर फाटलेला आवाज फक्त हळू ऐकू येतो. या दोषाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

पातळी किती ठेवावी? मीटरवरचा शून्य डेसिबल ही छत आहे, पण अगदी छताला टेकणेही बरे नाही. दोन नोंदवलेल्या आकड्यांच्या मधून जाणारा खरा तरंग त्या दोघांपेक्षा उंच असू शकतो. शिवाय एमपी४ फाइलीत सहसा वापरला जाणारा एएसी कोडेक, म्हणजे ध्वनी लहान जागेत बसवणारी पद्धत, आवाजातला काही तपशील गाळतो आणि पुन्हा उभारलेला तरंग मूळ शिखरांच्या वर जाऊ शकतो. युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये काढलेल्या आर १२८ या शिफारशीत खऱ्या शिखराची मर्यादा −१ डेसिबल ठेवली आहे. घरगुती कामाला −३ च्या आसपास थांबणे अधिक सुरक्षित. मागचे गाणे बोलण्याच्या वेळी खाली घेतले, की ही जागा बहुतेक वेळा आपोआप मिळते.

मूळ चित्रणातच आवाज फाटलेला असेल, तर एक्स्पोर्टला दोष देण्यात अर्थ नाही. ढोल-ताशाच्या पथकासमोर धरलेल्या फोनचा मायक्रोफोन किंवा त्याच्या पुढची ध्वनिवर्धनाची पायरी आधीच हार मानते; मग स्वयंचलित पातळी-नियंत्रण तो आवाज खाली आणते. परिणामी मीटर −६ दाखवत असतानाही तरंगाचे माथे सपाट असतात. नुसत्या मीटरवर विसंबू नये, तरंगाकृती मोठी करून पाहावी. कापलेले माथे अंदाजाने पुन्हा उभारणारी साधने आहेत. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधले ‘क्लिप फिक्स’ हे त्यांपैकी एक. ते वापरण्याआधी आवाजाची पातळी कमी करावी, नाहीतर उभारलेल्या शिखरांना जागाच उरत नाही. तुरळक फाटलेले शब्द यातून बरेच सुधारतात. सलग मिनिटभर फाटलेला ताशा सुधारत नाही.

टक : दोन क्लिपांच्या सांध्यावर वाजणारा छोटा आघात. व्हिडिओ संपादनात काप फ्रेमच्या सीमेवर पडतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर दर ४० मिलिसेकंदांनी एक सीमा. ध्वनितरंगाला या सीमांशी काही देणेघेणे नसते. पहिली क्लिप तरंग वर असताना तुटते, दुसरी तो खाली असताना सुरू होते आणि या उडीचाच ‘टक’ असा आवाज होतो. उपाय सोपा आहे : प्रत्येक सांध्यावर ध्वनीला ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे पहिला आवाज उतरत असतानाच दुसरा चढवावा. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे तरंगाची सेकंदाला ४८,००० मोजमापे (नमुने) घेतली असताना, १० मिलिसेकंद म्हणजे ४८० नमुने. कानाला तो उतार कळतही नाही आणि चित्राच्या कापाला धक्का लागत नाही.

सलग खरखर : इथे संशय सर्वप्रथम सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला किती नमुने घेतले त्या दरावर, घ्यावा. व्हिडिओचा रूढ दर ४८,००० हर्ट्झ, ऑडिओ सीडीचा ४४,१०० आणि मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्यांच्या १२ बिट पद्धतीचा ३२,०००. १९९५ मध्ये आलेल्या मिनीडीव्हीत १६ बिट, ४८,००० हर्ट्झचा पर्यायही होता, पण अनेकांच्या टेपांवर १२ बिटांचेच चित्रण आहे. त्यातच मिनीडीव्हीसारख्या ग्राहकोपयोगी डीव्ही पद्धतीत ध्वनीचे घड्याळ चित्राशी काटेकोर बांधलेले नसे. दर फ्रेमला १,९२० नमुने अपेक्षित असताना प्रत्यक्ष संख्या मागेपुढे होई. एकाच टाइमलाइनवर हे तिन्ही दर आले आणि सॉफ्टवेअरने रूपांतर निष्काळजीपणे केले, की बारीक कडकड सुरू होते किंवा आवाज चित्रापासून सरकत जातो. रूपांतर झालेच नाही, तर ४४,१०० चे गाणे ४८,००० च्या वेगाने धावते आणि सुमारे दीड अर्धस्वर वर चढते. म्हणून संपादन सुरू करण्याआधीच सगळा ध्वनी ४८,००० हर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही (ध्वनी न गाळता साठवणाऱ्या) फाइलींत बदलून घ्यावा. वेळ जातो, पण पुढची डोकेदुखी टळते.

फक्त टाइमलाइनवर वाजवताना खरखर येते आणि एक्स्पोर्ट केलेली फाइल स्वच्छ असते, असेही होते. तिथे संगणकाला वेळेवर ध्वनी पुरवता येत नसतो, एवढेच. एक्स्पोर्टला अशी घाई नसते, म्हणून तो बचावतो. याच्या उलट स्थिती असेल, तर कारण शोधण्यासाठी फक्त ध्वनी डब्ल्यूएव्ही म्हणून बाहेर काढून ऐकावा. तो स्वच्छ असेल, तर दोष एएसीच्या पायरीवर किंवा वाजवणाऱ्या उपकरणात आहे. तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजवून पाहावी. डब्ल्यूएव्हीतला ध्वनीही खराब असेल, तर ट्रॅक एकेक करून बंद करत जावे. जुनी तात्पुरती रेंडर फाइल (आधीच तयार करून ठेवलेला तुकडा) सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा वापरत असल्यामुळे दुरुस्तीनंतरही खरखर तशीच राहते, असा प्रकार आढळतो. ती पुसून नव्याने रेंडर करावे.

व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेल्या लग्नांचा मामला आणखी वेगळा. हाय-फाय व्हीएचएसमध्ये ध्वनी फिरत्या हेडने चित्राच्याच पट्ट्यात नोंदवला जातो. टेप झिजली किंवा व्हीसीआरचे ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या पट्ट्यांवर नेमके बसणे) जुळले नाही, की गुरगुर आणि कडकड सुरू होते. ती टेपमधूनच येत असल्याने संपादनाच्या कोणत्याही पायरीवर नीट जात नाही. पण त्याच टेपच्या कडेला सरळ धावणारा साधा मोनो ट्रॅकही असतो. अनेक व्हीसीआरवर तो निवडायची सोय आहे. टेप पुन्हा लावून त्या ट्रॅकवरून आवाज उतरवला, तर तो थोडा दबका येतो आणि त्यात शूंशूं असते, पण भटजींचे शब्द कळतात.