नेफ्राइट की जेडाइट? आधी सिकाडाला विचारा

जुन्या चिनी कोरीव वस्तूच्या चिठ्ठीवर नुसतं ‘जेड’ लिहिलेलं असतं, आणि खाली ठरलेलं वाक्य: दीर्घायुष्याचं प्रतीक. दोन्हींत घोळ आहे.

जेड म्हणजे एक दगड नव्हे. नेफ्राइट आणि जेडाइट या दोन वेगळ्या खनिजांना ते नाव चालतं. हा फरक फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिला. त्याआधी हजारो वर्षं चीनमध्ये ‘यू’ (जेडचं चिनी नाव) म्हणून घासला गेला तो मुख्यतः नेफ्राइट. पश्चिम चीनमधल्या खोतानच्या नद्यांतून मिळणारा त्याचा पांढरा प्रकार मेंढीच्या चरबीच्या नावाने ओळखतात, कारण चकाकी तशीच तुपाळ. जेडाइट ब्रह्मदेशातून आला, आणि मोठ्या प्रमाणावर आला तो अठराव्या शतकात. त्याची चकाकी काचेसारखी. चिनी नाव ‘फेइत्सुई’, म्हणजे खंड्या पक्षी. हिरवा रंग बघितला की नाव पटतं.

आता सिकाडा. हा कीटक वर्षानुवर्षं जमिनीखाली राहतो, वर येतो, कात टाकतो आणि उडून जातो. म्हणून हान काळात (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी) मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवत. मागणं दीर्घायुष्याचं नव्हतंच, मेल्यावर पुन्हा उठण्याचं होतं. इ.स.पू. ११३ मध्ये वारलेल्या राजपुत्र ल्यू शंगला तर जेडच्या २,४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारेने शिवलेला पोशाखच चढवला होता. १९६८ मध्ये चीनमधल्या मानछंगला तो सापडला. देह काही टिकला नव्हता.

पीच, करकोचा, लिंगझी अळंबी या जिवंत माणसाला दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. साठीच्या भेटी म्हणा. पीचसोबत वटवाघूळही कोरतात, कारण ‘फू’ या उच्चारात वटवाघूळ आणि सुदैव दोन्ही येतात. आपल्याकडे असली भेट कोण स्वीकारेल?

चिंग काळातलं (१६४४ ते १९१२) हिरवंगार पीच जेडाइटचं असू शकतं. पण त्याच काचेरी हिरव्या दगडातला सिकाडा कोणी ‘हानकालीन’ म्हणून दाखवला, तर पाकीट खिशातच ठेवा.

नजरेवर भरवसा नसेल तर वजन करा, एकदा हवेत, एकदा पाण्यात बुडवून, आणि पाण्यात जेवढं वजन घटलं त्याने हवेतल्या वजनाला भागा. नेफ्राइटची घनता पाण्याच्या साधारण ३ पट भरते, जेडाइटची ३.३ पट. काठिन्यात जेडाइट किंचित वरचढ, पण चिवटपणात नेफ्राइट पुढे: त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो सहज फुटत नाही.